पायाखालचं ऱ्होड्स

ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर, तटबंदीतल्या जुन्या गावात पहिल्या दिवशी मी फारसं काही पाहिलंच नाही. नजर सगळा वेळ खाली. तिथल्या गल्ल्यांत समुद्राचे गुळगुळीत गोटे कडेवर उभे करून, एकमेकांना खेटून बसवलेत. होखलाकी म्हणतात त्या कामाला. दिसतं देखणं, पण पातळ चपला घालून आलं की एकेक गोटा तळव्याला आपली ओळख करून देतो. भिंतीला हात टेकत चाललेली मला पाहून दारात शेंगा निवडत बसलेली एक आजी म्हणाली, "सिगा, सिगा." सावकाश, सावकाश. ग्रीकमधले माझे पहिले दोन शब्द, आणि तेही एकच.

किल्ला म्हटला की आपल्याला चढायचं, फोटो काढायचे आणि उतरायचं एवढंच ठाऊक. इथे सुमारे ४ किलोमीटर तटाच्या आत लोक संसार करतात. दोरीवर चादरी वाळतात, भाजीची पिशवी घेऊन बायका वेशीतून घरी येतात. भूकंपात भिंती ढासळू नयेत म्हणून गल्लीवरून कमानी टाकल्यात. समोरासमोरची घरं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी असल्यासारखी.

सेंट जॉनच्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी १३०९ ते १५२२ इथे राज्य केलं. माणसं युरोपभरची, म्हणून ज्याची जी भाषा त्याप्रमाणे त्याचा वाडा वेगळा. बहुतेक वाडे चढणीच्या एकाच रस्त्यावर. अख्खी भाषावार प्रांतरचना एका गल्लीत! चढण संपते तिथे त्यांच्या प्रमुखाचा राजवाडा. सगळे त्याचीच तारीफ करतात, मला तो आवडला नाही. खरा वाडा १८५६ मध्ये शेजारच्या चर्चखालचा दारूगोळा उडाला तेव्हाच गेला. आज दिसतो तो इटालियनांनी विसाव्या शतकात उभारलेला; फरशांवरची चित्रं कॉस बेटावरून आणून बसवलेली. फार टापटीप. जुनेपणाचा मेकअप.

त्यापेक्षा खंदक बरा. तुर्की सुलतान सुलेमानानं १५२२ मध्ये सहा महिने वेढा घातला आणि गाव घेतलं, तो हा तट. आता खंदकात लोक संध्याकाळचे फिरायला येतात. जागोजागी तोफांचे दगडी गोळे पडलेत, कलिंगडाएवढे. एका गोळ्यावर एक मांजर अंगाचं मुटकुळं करून झोपलं होतं.

शेवटच्या दिवशी ज्यूंच्या मोहल्ल्यात गेले. काहाल शालोम हे तिथलं १५७७ मधलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर. १९४४ च्या जुलैमध्ये जर्मनांनी या बेटावरच्या १६०० हून अधिक ज्यूंना बोटींत कोंबून ऑशविट्झच्या मृत्युछावणीकडे नेलं. वाचले ते जेमतेम शे-दीडशे. बाहेर भिंतीवर आडनावं कोरलेली आहेत. एकेक आडनाव म्हणजे एकेक घर.

सिनेगॉगच्या दाराशी पोचताच सवयीनं मी चपला काढल्या. आतल्या माणसानं हसून हातानंच खूण केली, राहू द्या, इथे तसं नसतं. पण तोवर पाय आत पडला होता. खाली तीच होखलाकी, काळ्या-पांढऱ्या खड्यांची नक्षी. चार दिवस गल्लीनं सोलून काढलेल्या माझ्या तळव्यांना ती जमीन जराही टोचली नाही. पार झिजून गुळगुळीत झाली होती.