आमची वाटचाल : शाफ्ट नको, गाडी आणा

इंदूरच्या देवास नाका भागात आमचे प्रॉपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सची फिरकी मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याचे, वर्कशॉप आहे. शाफ्टच्या सांध्यातला चार टोकांचा क्रॉस बदलणे, वाकलेली ट्यूब कापून नवी बसवणे, क्रॉसला धरणारे झिजलेले योक बदलणे आणि तयार शाफ्ट बॅलन्स करून देणे, अशी कामे पाटीवर लिहिलेली आहेत. प्रत्यक्षात मात्र आमच्या उत्पन्नाचा मोठा भाग आज पाटीवर नसलेल्या कामातून येतो, आणि ते काम म्हणजे मालवाहू पिकअप नेमकी कशामुळे थरथरते हे शोधून काढणे. अशा कित्येक गाड्यांचा शाफ्ट आम्ही उतरवतही नाही.

व्यवसायाची सुरुवात बाबांनी केली. ते गिरणीत फिटर होते आणि फिरत्या यंत्राला नुसता हात लावून कोणते बेअरिंग गेले आहे हे सांगण्याबद्दल त्यांचा लौकिक होता. हुकुमचंद मिल 1991 च्या डिसेंबरमध्ये बंद पडली आणि शहरातील गिरणी कामगारांचे दिवस फिरले, त्या काळात त्यांनी एक जुना लेथ घेऊन जॉबवर्क सुरू केले. पीथमपूरला 1986 मध्ये आयशरचा हलक्या ट्रकांचा कारखाना सुरू झाला होता, आग्रा-मुंबई रस्त्यावरची मालवाहतूक वाढत होती, आणि इंदूरमध्ये शाफ्टचे काम मन लावून करणारे लोक थोडे होते. लेथवर शाफ्ट धरायचा, फिरवताना खडूने उंचवटा टिपायचा, उष्णता देऊन ट्यूब सरळ करायची, ही त्या वेळची पद्धत होती. मी श्री गोविंदराम सेकसरिया संस्थेतून मेकॅनिकलची पदवी घेऊन दुकानात आलो, तेव्हा कर्ज काढून दोन प्रतलांत असंतुलन मोजणारे बॅलन्सिंग मशीन घेतले.

मशीन आल्यावर काम वाढले, पण एक विचित्र प्रकारही ठळकपणे दिसू लागला. गॅरेजवाले शाफ्ट उतरवून टेम्पोत घालून पाठवत. आम्ही तो जी-16 या बॅलन्सिंगच्या ठरलेल्या प्रतीप्रमाणे बॅलन्स करत असू. बारा किलोचा शाफ्ट मिनिटाला 3000 फेरे घेणार असेल, तर या प्रतीत दोन्ही टोके मिळून सुमारे 600 ग्रॅम-मिलिमीटर असंतुलन चालते, म्हणजे 38 मिलिमीटर त्रिज्येच्या ट्यूबवर प्रत्येक टोकाला जेमतेम आठ ग्रॅम. शाफ्ट त्या मर्यादेच्या आत आणून आम्ही परत पाठवत असू, आणि त्यातील काही गाड्या पूर्वीइतक्याच थरथरत राहत. मशीनचा कागद दाखवून हात झटकणे सोपे होते. पण भाडे बुडवून गाडी उभी ठेवलेल्या माणसाला त्या कागदाचा काय उपयोग? त्यातून आम्ही नियम केला की, कंपनाची तक्रार असेल तर सुटा शाफ्ट घ्यायचा नाही. गाडी आणावी, मालकाने किंवा रोजच्या ड्रायव्हरने स्वतः चालवून आणावी, आणि तपासणीचे पैसे वेगळे द्यावेत.

या नियमामुळे सुरुवातीला आमची बरीच गिऱ्हाइके गेली. गॅरेजवाल्यांना तो अविश्वास वाटला आणि गाडीमालकांना ‘बघण्याचे पैसे’ ही कल्पनाच पटेना. बाबांनाही ती पटली नव्हती. हाताला काळे न लागता पैसे घेणे त्यांच्या पिढीला अवघड वाटे. माझे मत आजही तेच आहे की, निदान फुकट केले की त्याचा खर्च पुढे अनावश्यक सुट्या भागांतून वसूल होतो, आणि त्यात नुकसान गिऱ्हाइकाचेच होते.

तपासणी रस्त्यावर सुरू होते. ‘गाड़ी साठ के ऊपर थर्राती है’ एवढेच वाक्य घेऊन माणूस येतो. आम्ही प्रथम थरथर नेमकी ज्या वेगाला येते तो वेग धरतो आणि त्याच वेगाला गिअर बदलून पाहतो. गिअर बदलताच इंजिनाचे फेरे बदलतात, पण शाफ्टचे आणि चाकांचे तेवढेच राहतात. म्हणून थरथर तशीच राहिली तर दोष गिअरबॉक्सच्या मागे, आणि ती बदलली तर इंजिन, क्लच किंवा इंजिनाखालच्या फाउंडेशनचे रबर यांच्याकडे पाहावे लागते. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देतो. जोर काढताच थरथर कमी होत असेल, तर मागच्या कमानीचे पाटे, शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचे रबर, पिनियनचा (शाफ्टचे मागचे टोक ज्या दातेरी चाकाला जोडलेले असते त्याचा) कोन अशा जोराखाली हलणाऱ्या गोष्टींवरचा संशय वाढतो.

चाक आणि शाफ्ट यांतला फरक मोजून कळतो. पिकअपच्या टायरचा परीघ 2.1 मीटर आणि डिफरेन्शियलचे (मागच्या ॲक्सलमधील गिअरपेटीचे) गुणोत्तर साधारण चार धरले, तर ताशी 72 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे साडेनऊ फेरे घेते आणि शाफ्ट सुमारे 38. टायरचा दोष सीटला सावकाश झोके देतो, शाफ्टचा दोष पायाखालच्या पत्र्यात गुणगुणतो. खात्री हवी असेल तर मागचा भाग घोड्यांवर (लोखंडी तिवयांवर) पक्का टेकवून, चाके काढून, ड्रमला नट लावून गाडी तिथल्या तिथे चालवतो. तरीही थरथर राहिली तर टायर निर्दोष सुटतात. शाफ्टच्या असंतुलनाचा संशय असेल तर ट्यूबवर साधा होज क्लिप आवळून त्याचा स्क्रू थोडा-थोडा फिरवत जातो. क्लिपच्या एखाद्या जागी थरथर ठळकपणे कमी झाली, तरच शाफ्ट उतरवून मशीनवर चढवायचा.

आम्हाला खरी ओळख मिळवून दिली ती मात्र या सगळ्याबाहेरच्या कारणाने. महूकडच्या एका बटाटा-व्यापाऱ्याची पिकअप आली. माल भरून चोइथराम मंडीत येताना ती अगदी शांत असे आणि रिकामी परतताना साठच्या पुढे इतकी थरथरे की आरशात मागचे दिसत नसे. आमच्याकडे येण्यापूर्वी तिचे दोन्ही क्रॉस, सेंटर बेअरिंग आणि मागचे टायर बदलून झाले होते. भरलेली गाडी चांगली आणि रिकामी वाईट, हा उलटा प्रकार ऐकूनच आम्ही कमानीकडे वळलो. जास्त भार वाहता यावा म्हणून तिच्या मागच्या कमानींत जादा पाटे घातले होते. पाट्यांचे काम मजबूत होते, पण त्यामुळे रिकाम्या गाडीचा मागचा भाग बराच वर उचलला गेला होता आणि नव्या बैठकीत ॲक्सलही किंचित फिरला होता.

क्रॉसच्या जोडाला कोन दिला की त्याच्या पलीकडचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन तीन अंश असेल तर ही चढउतार सुमारे 0.14 टक्के असते, दहा अंशांना ती सुमारे दीड टक्क्यावर जाते. दोन्ही टोकांचे योक एका प्रतलात असतील आणि दोन्ही कोन सारखे असतील, तर एका जोडाची गडबड दुसरा खोडून काढतो. या गाडीत कोनमापक लावून पाहिले, तेव्हा रिकाम्या अवस्थेत सेंटर बेअरिंगजवळच्या जोडाला सात अंश आणि पिनियनजवळच्या जोडाला तीन अंश कोन होता. दोन्ही कोनांच्या वर्गांतील फरकाचे वर्गमूळ काढले की उरलेली गडबड एका जोडाच्या भाषेत मिळते. ती इथे सहा अंशांहून अधिक आली, आणि आम्ही ती तीनच्या आत ठेवतो. मग गाडीत पोती भरून पुन्हा मोजले. बॉडी खाली बसल्याने कोन तीन आणि एक झाले, उरलेली गडबड तीन अंशांच्या आत आली. गाडी भरल्यावर शांत का होते, याचा हिशेब असा जागेवर मिळाला.

शाफ्टला हात लावण्याचे कारणच नव्हते. मालकाशी बरीच घासाघीस करून प्रत्येक बाजूचा एक जादा पाटा काढला, कारण सगळे काढायला तो तयार नव्हता. कमानीची बैठक आणि ॲक्सल यांच्यामध्ये चार अंशांची पोलादी पाचर घालून पिनियनचे नाक खाली आणले. पाचरीची जाड बाजू कोणत्या अंगाला ठेवायची हे आधी मोजून ठरवावे लागते, कारण ती उलटी बसली तर दोष दुप्पट होतो. दोन्ही कोन पाच अंशांच्या आसपास सारखे झाले. कोन अगदी शून्यावर आणायचाही नसतो, हे इथे सांगायला हवे. क्रॉसच्या सुया हलल्या नाहीत तर त्या एकाच जागी खळ्या पाडतात, म्हणून निदान अर्धा अंश तरी कोन लागतो.

तो व्यापारी मंडीत बोलला आणि त्यानंतर लसूण-कांद्याच्या गाड्या आपणहून येऊ लागल्या. पीथमपूरजवळ 11.3 किलोमीटरचा वेगवान चाचणी-मार्ग 2021 मध्ये सुरू झाला, पण तो मोठ्या कंपन्यांसाठी. आमचा चाचणी-मार्ग म्हणजे राऊच्या पुढचा मोकळा रस्ता, तोही पहाटेचा. मोबाइलमधील कंपन-मापक ॲपवर आम्ही काही काळ काम भागवले. फोनचा सेन्सर सेकंदाला शंभर नोंदी घेत असेल, तर 50 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 50 कंपनांच्या, वरचे त्याला खरे दिसत नाही. 38 चे असंतुलन दिसते, पण कोनामुळे येणारे दुपटीचे 76 निसटते. त्यामुळे चुंबकाने चिकटणारा स्वतंत्र सेन्सर घेतला. तो डिफरेन्शियलवर आणि सेंटर बेअरिंगच्या पट्टीवर आळीपाळीने लावतो. एका फेऱ्याला एक धक्का की दोन, हे त्यावर स्पष्ट दिसते, आणि मालकालाही पडद्यावर दाखवता येते.

आता तपासलेल्या प्रत्येक गाडीचे रिकाम्या आणि भरलेल्या अवस्थेतील कोन वहीत नोंदवतो. जवळच्या एका कमानीवाल्याशी आम्ही समजूत केली आहे: जादा पाटे घालायला आलेली पिकअप तो आधी आमच्याकडे कोन मोजायला पाठवतो, काम झाल्यावर पुन्हा पाठवतो आणि लागणारी पाचर त्याच दिवशी बसवतो. पाट्यांचे बिल त्याचे, मोजणीचे आमचे.