भिगवणला बंदुकीची दुर्बीण नेऊ नका

उजनी धरणाच्या काठी, भिगवणला, फ्लेमिंगो दिसले. भरपूर दिसले. "कसं होतं भिगवण" विचारणाऱ्यांसाठी एवढंच, त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. बाकीचं सगळं लिहितोय ते एका काळ्या नळीपायी, जिच्यात माझे अडीच हजार गेले, बोटीचा पहिला तास गेला आणि उजव्या भुवईवर अजून खपली आहे.

जानेवारीत एका रविवारी पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलो होतो, मिक्सरचं भांडं शोधायला. तिथे एकाने ताडपत्रीवर घड्याळं, पाने, बंद पडलेले कॅमेरे असं काय काय मांडलेलं आणि मधोमध ही नळी. फूटभर लांब, जड, काळी, एकदम रुबाबदार. "साहेब आर्मीचा माल, शिकारीची दुर्बीण, नऊ पट जवळ दिसतं." नळीवर लिहिलेलं ३-९×४०, म्हणजे तीन ते नऊ पट. मी म्हटलं अहो पण हे बंदुकीला लावायचं असतं ना, तर म्हणे दुर्बीण ती दुर्बीण, बंदुकीला लावा नाहीतर डोळ्याला, ऑलिंपिकवाले पण हेच लावतात. आणि मी डोळ्याला लावून समोरून जाणाऱ्या पीएमटीचा नंबर वाचला, वाचता आला, खूश. साडेतीन हजार सांगितले, अडीचला तोडले, आणि घरी येईपर्यंत स्वतःच्या हुशारीवर जाम खूश होतो.

यात किती ठिकाणी गंडलो ते आता कळतंय. एक म्हणजे भर दुपारी बारा वाजता कुठलीही भिंग भारीच वाटते. उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरची होते, तेवढा उजेड कसलीही काच देते. खरी परीक्षा सकाळी साडेसहाला नाहीतर संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी. दुसरं ते ऑलिंपिकचं, तीही थापच. नेमबाज स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मारलं ना, त्या प्रकारात मोठं करून दाखवणारी दुर्बीण चालतच नाही, बारीक भोकातून बघतात. १० मीटर एअर रायफललाही तेच. बालेवाडीच्या रेंजवर जाणाऱ्या कुठल्याही पोराला विचारलं असतं तर अडीच हजार वाचले असते.

असो. फेब्रुवारीतला तिसरा शनिवार, पहाटे साडेचारला धनकवडीतून निघालो. मी, ऑफिसमधला एक मित्र आणि बायकोचे मामा. मामा खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेत, पक्षी बघायचा नाद जुना. हडपसर, लोणी, यवत, चौफुल्याला चहा, पाटस, कुरकुंभ, भिगवण. शंभरेक किलोमीटर. हायवे चांगला आहे, लिहिण्यासारखं काही नाही. मामा पूर्ण रस्ता झोपले होते आणि ती नळी माझ्या बॅगेत होती, तेवढं लक्षात ठेवा.

कुंभारगावात पोचलो तेव्हा झुंजुमुंजू झालेलं. उजनीचं पाणी फेब्रुवारीत मागे सरकायला लागतं हे मला माहीत होतं, पण मागे सरकलेलं पाणी मागे काय ठेवून जातं त्याचा विचार केला नव्हता. गाडी लावली तिथपासून बोटीपर्यंत चिखल. लांबून वाळल्यासारखा दिसतो, वर भेगा पडलेल्या, पाय टाकला की पोटरीपर्यंत आत. माझा डावा बूट दोनदा राहिला, दुसऱ्यांदा मित्राने हात कोपरापर्यंत घालून काढला. सगळं मिळून दोनशे पावलं असतील, वीस मिनिटं लागली. मामा चपला हातात घेऊन, पँट दुमडून सरळ चालत गेले आणि बोटीत बसून आमच्याकडे बघत होते.

बोटीत बसलो, मी ऐटीत नळी काढली. मामांनी बघितलं, हातात घेतली, फिरवली आणि म्हणाले, "जावईबापू, हा एअरगनचा स्कोप आहे. कुणाची शिकार करायचा विचार आहे? कायद्याने बंद आहे हो ती." बोटवाला काही बोलला नाही पण दोन मिनिटांनी हळूच म्हणाला, "दादा, काठाजवळ हाय तवर ते आतच ठिवा. लोकं लांबनं बगत्यात, उगा कायतरी समजत्याल." तेव्हा मला हसू आलं. आता वाटतं त्याचंच बरोबर होतं, पक्ष्यांच्या ठिकाणी बंदुकीची वस्तू काढून बसणारा माणूस मला दिसला असता तर मीच पहिला फोन लावला असता.

आता मूळ मुद्दा. हा स्कोप वाईट का, तर वाईट नाहीये, बंदुकीवर बरा असेल. पण तो बनतो एका डोळ्याने, स्थिर हाताने, एका जागी असलेली गोष्ट बघायला. बोटीत यातलं काहीच नसतं.

पहिला त्रास आय रिलीफचा, म्हणजे काचेपासून डोळा किती लांब ठेवायचा ते. स्कोपला तो आठ-दहा सेंटीमीटर असतो कारण बंदूक उडाली की मागे येते, डोळा फुटू नये म्हणून. तेवढं अंतर हलत्या बोटीत हवेत धरून ठेवा बघू. डोळा जरा इकडे गेला की काळी चंद्रकोर, तिकडे गेला की सगळंच काळं. मी वैतागून डोळा जवळ नेला, तेवढ्यात बोट गाळात घासली, आणि नळीची कड भुवईवर. रक्त आलं. बंदूकवाल्यांनाही हे होतं म्हणे, पण त्यांना निदान गोळी सुटल्यावर होतं, मला पाणकोंबडी बघताना झालं.

दुसरं, नऊवर ठेवला की १०० मीटरवर जेमतेम साडेचार मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. साध्या आठ पटीच्या ८×४२ दुर्बिणीत तेवढ्याच अंतरावर तेरा मीटरच्या आसपास दिसतं. म्हणजे सुरय पक्षी उडाला की गेला, परत सापडत नाही, तुम्ही आभाळात नळी फिरवत बसा. तीनवर आणला तर सापडतो, पण मग तीन पटीने काय बघायचं, त्यापेक्षा नुसते डोळे बरे. शिवाय मधे ती फुली. प्रत्येक पक्ष्यावर फुली. आख्खा चित्रबलाक निशाण्यावर धरल्यासारखा, मला स्वतःलाच कसंतरी झालं.

तिसरं पॅरॅलॅक्स. स्कोप एका ठरावीक अंतराला बसवलेला असतो, रायफलचा बऱ्याचदा १०० यार्डाला, एअरगनचा त्याहून बराच जवळ. फोकसचं फिरतं चाक नसेल तर दुसऱ्या अंतरावर गोष्टी कमी-जास्त धूसर आणि डोळा हलला की फुली वस्तूवरून सरकते. काठावरचा शेकाट्या आणि लांबचे पट्टकादंब एकाच नळीत नीट बघणं विसरा.

तासाभराने मामांनी काही न बोलता त्यांची जुनी ऑलिंपस ८×४० गळ्यातून काढून दिली. रंग उडालेला, पट्टा बदललेला. लावली आणि मी गप्प. हे लिहिताना अजून अंगावर काटा येतोय. समोरचा पांढरा-गुलाबी पट्टा म्हणजे एकेक पक्षी झाला, वाकड्या चोची पाण्यात उलट्या घालून गाळ गाळताना दिसल्या, मग काहीतरी झालं आणि सगळे एकदम उठले, पंखांखालचा तो लाल-काळा रंग, आणि दोन्ही डोळ्यांनी बघताना ते चित्र सपाट नसतं हो, त्याला खोली असते! हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब काठावर गाईगुरांसारखे निवांत चरत होते, डोक्यावरचे दोन काळे पट्टे मोजता येत होते. एक ऑस्प्रे चिलापी घेऊन खांबावर बसलेला, तो मासा अजून शेपूट हलवत होता. मी ती दुर्बीण परत दिलीच नाही, मामांनी शेवटी मागून घेतली.

तर आता घेणार असाल त्यांच्यासाठी, फिरवून फिरवून सांगत नाही. आकडे वाचायला शिका. पहिला आकडा किती पट, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा, डोळ्यापर्यंत येणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी मिळते, त्याला एक्झिट प्युपिल म्हणतात. ८×४२ चा सव्वापाच, १०×४२ चा ४.२. पहाटे, संध्याकाळी, झाडीत सव्वापाचवाली उजळ दिसते. बोटीसाठी आठच घ्या. दहा पट म्हणजे हाताची थरथरही दहा पट, आणि बोटीची वेगळी. रस्त्यावर "९०×९०" लिहिलेल्या मिळतात त्याला हात लावू नका, तो आकडा खरा असता तर दोन्ही काचा वाटीएवढ्या असत्या आणि ती धरायला स्टँड लागला असता. लाल चकचकीत काचेवाल्या पण नको, दिसायला भारी, आतून सगळं हिरवट. झूमवाल्या तर नकोच नको.

दुकानात बघताना दुर्बीण हातभर लांब धरा आणि डोळ्याकडच्या काचेत उजेडाचा ठिपका बघा. गोल पाहिजे. बाजूने कापल्यासारखा चौकोनी वाटला तर आत हलकी प्रिझम. मग बाहेर येऊन आभाळासमोरची विजेची तार बघा, कडेला जांभळी-हिरवी झालर किती येते. पाच मिनिटं सलग बघा. डोकं जड झालं किंवा डोळे ओढल्यासारखे वाटले तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत, दुकानदार "सवय होईल" म्हणेल, होत नाही. चष्मा असेल तर आय रिलीफ १५ मिलिमीटरपेक्षा जास्त बघून घ्या आणि डोळ्याकडचे रबरी कप खाली करा. उजव्या डोळ्याचं वेगळं चाक असतं ते एकदा लावून ठेवा, अर्ध्या लोकांना ते असतं हेच माहीत नसतं आणि मग दुर्बिणीला नावं ठेवतात. पुण्यात राहता, म्हणजे पावसाळ्यात काचेला बुरशी धरणार, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. शर्टाच्या टोकाने पुसू नका, आधी फुंकणीने धूळ उडवा.

आणि ज्यांना खरंच स्कोपच पाहिजे, रेंजवर हौसेला वगैरे, त्यांना मामांचं सांगणं एवढंच की स्प्रिंगवाल्या एअरगनचा धक्का पुढे आणि मागे दोन्हीकडे बसतो, साधा रायफलचा महागडा स्कोप त्यावर खिळखिळा होतो, तेव्हा एअरगनसाठी बनवलेला आहे का ते विचारा. मी यापुढे त्या विषयात पडणार नाही.

बोटीचं भाडं चढायच्या आधी ठरवा, आणि माणशी की बोटीचं, किती तासांचं, हे तिघांसमोर मोठ्याने विचारा. आम्ही नाही विचारलं, उतरल्यावर तीनशे जास्त गेले, पण खरं सांगायचं तर फ्लेमिंगो उठलेले बघितल्यावर मी हजार पण दिले असते, तेव्हा माझ्या या सल्ल्यावर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा. बोटवाल्याला फ्लेमिंगो उडवायला सांगू नका. बाजूच्या बोटीतले सांगत होते, फोटोसाठी. मामा त्यांच्यावर खेकसले.

जेवायला गावातल्या घरात, चिलापी फ्राय, भाकरी. चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी येताना सुप्याला मयूरेश्वर अभयारण्यात गेलो, चिंकारा दिसले, निवांत झालं, काही त्रास नाही.

दुर्बीण घ्यायच्या आधी एक रविवार सकाळी कवडीला जाऊन या, लोणी काळभोरच्या अलीकडे, हडपसरपासून जवळ. नदीला फेस आणि वास असतो, नाक धरावं लागतं, पण हिवाळ्यात चक्रवाक असतात आणि तिथे बघायला आलेले लोक मागितली तर आपली दुर्बीण दोन मिनिटं देतात. चार वेगवेगळ्या डोळ्याला लावून मग पैसे काढा. मी हे उलट्या क्रमाने केलं.

स्कोप घेऊन गेल्या बुधवारी परत जुन्या बाजारात गेलो होतो. तोच माणूस, तीच ताडपत्री. त्याने नळी उलटीपालटी करून बघितली, जणू आयुष्यात पहिल्यांदा बघतोय, आणि म्हणाला, "याला आता गिऱ्हाईक नाही साहेब, चारशे देतो." भुवईकडे बघून काही विचारलं नाही. नाही दिली. गाडीच्या डिकीत पडून आहे, कुणाला खरंच एअरगनसाठी पाहिजे असेल तर सांगा, पंधराशेला देईन, आणि चिखलाला जाणार असाल तर बूट घरी ठेवा.