आठ महिन्यांचे अंगठे

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतील चाळीस कुटुंबांना दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शिधा पोहोचवणे आणि त्यासाठी वर्षभर देणग्या गोळा करणे, एवढेच आमच्या लहानशा संस्थेचे काम आहे. दोन हजार रुपयांहून अधिक देणगी रोखीने दिल्यास त्यावर प्राप्तिकरातली सवलत मिळत नाही, हे समजावण्यातच माझ्या कितीतरी संध्याकाळी जातात. शिध्याच्या पिशवीचा मात्र मला अभिमान आहे. मार्केट यार्डातील भुसार बाजारातून पोत्याने आणलेली तूरडाळ आम्ही स्वतः पाखडून किलोकिलोने भरतो आणि तेलाची पिशवी कणकेबरोबर कधीही ठेवत नाही, कारण ती वाटेत फुटली की पाच किलो कणीक वाया जाते आणि घरातली बाई संकोचाने ते सांगतही नाही.

डिसेंबरातल्या रविवारी एका मावशींनी पिशवी घेतली, नोंदवहीत अंगठा उमटवला आणि हळूच म्हणाल्या, "ताई, एक दिवस माझ्यासंगं रेशनच्या हापिसात येता का?"

त्या पाच घरची भांडी घासतात. बोटांवरच्या रेषा झिजल्यामुळे रेशन दुकानातले ई-पॉस यंत्र त्यांचा अंगठा ओळखत नव्हते. कार्डावर दुसरे नाव मुलाचे होते आणि तो घर सोडून गेलेला. जवळ राहणाऱ्या नातीचे नाव कार्डावर नव्हतेच. "यंत्र घेत नाही," यापलीकडे दुकानदाराने काही सांगितले नाही आणि दुसरा मार्गही सुचवला नाही. मावशींसारख्या, रेशनच्या प्राधान्य यादीतल्या गरीब कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. हे हक्काचे धान्य त्यांना आठ महिने मिळाले नव्हते आणि तेच आठ महिने आम्ही त्यांच्या दारात पिशवी ठेवत होतो.

नातीचे नाव कार्डावर चढवले की तिच्या अंगठ्याने धान्य घेता येईल, म्हणून मंगळवारी आम्ही तिघी निघालो. नातीचे आधार ती तीन वर्षांची असताना काढलेले होते. पाच वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, म्हणून अकरा वर्षांच्या त्या मुलीचे ठसे आधी नोंदवावे लागले. त्यानंतर जन्मदाखला, अर्ज आणि कार्यालयातील रांग. मावशी याआधी दोनदा तिथून परतल्या होत्या. या वेळी कारकुनाने मला बसायला खुर्ची दिली, अर्जही घेतला. अर्ज ज्यांचा होता त्या मावशी मात्र शेवटपर्यंत उभ्याच होत्या. त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

रिक्षा, झेरॉक्स आणि मावशींचा बुडालेला रोज मिळून ६४० रुपये झाले. दर महिन्याला दहा घरांच्या शिध्याचा खर्च उचलणाऱ्या एका देणगीदारांना मी ते मागितले. "शिध्यासाठी सांगा, लगेच देतो. हे कशात बसवायचं?" असे ते म्हणाले. ते मनाने उदार आहेत, आणि पिशवीसोबत काढलेले फोटो पाठवून पाठवून फक्त शिध्यासाठी देण्याची ही सवय त्यांना आम्हीच लावली आहे. आमच्या खजिनदारांनीही तोच प्रश्न विचारला. अखेर ती रक्कम 'किरकोळ' खाती पडली. मला ते मान्य नाही आणि पुढच्या सभेत मी त्यासाठी वेगळे खाते मागणार आहे.

फेब्रुवारीत नातीचा अंगठा यंत्राने घेतला आणि धान्य घरी आले. त्या संध्याकाळी मी आमची नोंदवही उघडली. मावशींच्या नावापुढे त्या आठ महिन्यांचे आठ ठसे होते, आणि शेजारणींच्या ठशांत रेषा स्वच्छ उमटलेल्या असताना त्या आठही जागी नुसता शाईचा सपाट डाग होता. दर वेळी शाईचा पॅड मीच त्यांच्यापुढे धरला होता.