रिजेक्शनचा तक्ता आणि ‘इतर’ नावाचा रकाना: माझा अनुभव

प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात रिजेक्शन कमी करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा यंत्रे, साचे आणि कच्चा माल यांच्याशी झगडावे लागेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी सर्वाधिक काळ झगडलो तो एका छापील तक्त्याशी.

हा तक्ता ऑपरेटरने शिफ्ट संपताना भरायचा असे. त्यात एकूण नग, बाद नग आणि कारण असे तीन रकाने होते आणि कारणाच्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक पानावर ‘इतर’ हाच शब्द असे. आठ तासांचे बाद नग एकाच डब्यात पडल्यावर त्यांत शॉर्ट शॉट (साचा पुरता न भरलेले नग) किती, फ्लॅश (साच्याच्या फटीतून कडेला आलेले जादा प्लास्टिक) असलेले किती आणि चंदेरी चट्टे उठलेले किती, हे शेवटी कोणालाच सांगता येणार नाही. त्यात ऑपरेटरचा दोष नव्हता. यंत्र सुरू करताना सेटिंगमध्ये वाया जाणारा माल तर मोजलाच जात नसे, कारण तो दळून पुन्हा वापरला जाई. दळलेला माल फुकटचा नव्हे, हे येथेच सांगून ठेवतो: यंत्राचा वेळ आणि वीज गेलेलीच असते.

मी नवा तक्ता आखला. दर तासाला नोंद, पाच दोषांचे पाच रकाने आणि ‘इतर’ला जागा नाही. काम अर्ध्या दिवसाचे होते. मंजुरीसाठी तो पाठवला, तेव्हा प्रथम फॉरमॅट क्रमांक नाही म्हणून परत आला. दुसऱ्या वेळी क्रमांक होता, पण आवृत्ती जुनी होती. तिसऱ्या वेळी, ज्या कार्यपद्धतीत या तक्त्याचा उल्लेख आहे ती आधी सुधारून आणा, असे उत्तर मिळाले; आणि त्यासाठी ज्यांची सही लागणार होती ते दीर्घ रजेवर होते. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकात कागदपत्रांचे नियंत्रण सांगितले आहे आणि त्याची गरज मला मान्य आहे. परंतु तक्त्यात रकाने किती असावेत किंवा त्यावर सह्या किती घ्याव्यात, हे त्या मानकात कोठेही लिहिलेले नाही. ते ओझे आमचे आम्हीच वाढवले होते. दरम्यान मी यंत्रावर साधा कागद चिकटवून त्यावर रेघा मारायला सांगितल्या, तर तोही ‘अनियंत्रित कागद’ म्हणून काढून नेण्यात आला. त्या दिवशीचा संताप अजून पुरता निवलेला नाही.

मार्ग सुचवला तो एका जुन्या ऑपरेटरने. “कागद चालत नाही ना साहेब, मग डब्यातच कप्पे करा की.” आम्ही लाल डब्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले. नग बाद करतानाच तो आपापल्या कप्प्यात जाऊ लागला. दर दोन तासांनी कप्प्यातील मालाचे वजन घेऊन त्याला एका नगाच्या वजनाने भागले की संख्या मिळे. शॉर्ट शॉट मात्र हाताने मोजावेत. ते अपुरे भरलेले असल्याने वजनात फसवतात.

चंदेरी चट्ट्यांचा कप्पा सर्वांत आधी भरे आणि तोही हॉपरमध्ये, म्हणजे दाणे वाळवून यंत्रात सोडणाऱ्या टाकीत, नवा माल ओतल्यानंतरच्या तासांत. आमचा माल नायलॉनचा होता. तो हवेतील ओल शोषून घेतो, म्हणून त्याला सुमारे ८० अंशांवर काही तास वाळवावे लागते. हॉपर तळाला जाईपर्यंत थांबून एकदम भरल्यामुळे ओले दाणे न वाळताच ते वितळवून साच्यात ढकलणाऱ्या स्क्रूपर्यंत पोहोचत होते. थोडा थोडा माल वारंवार भरायला सुरुवात केली, तसा तो कप्पा रिता राहू लागला. यासाठी एक पैचाही खर्च झाला नाही, हे मी आजही अभिमानाने सांगतो.

एक गोष्ट खरे तर आधीच सांगायला हवी होती: फेरकाम करून चांगले ठरवलेले नगही मोजावेत. तीन टप्प्यांत प्रत्येकी ९५ टक्के नग पहिल्याच वेळी बरोबर निघत असतील, तर तिन्ही टप्पे विनादुरुस्ती पार करणारे ८६ टक्क्यांच्या आसपासच उरतात. आमच्याकडे फ्लॅश ब्लेडने तासून नग पुढे पाठवत, त्यामुळे साचा झिजल्याचे फार उशिरा कळले.

मंजूर झालेला तक्ता सर्व सह्यांनिशी हाती आला, तोवर चट्टे जवळजवळ थांबले होते. तो आता रोज नियमाने भरला जातो. त्याचे आणि डब्याचे आकडे जुळले नाहीत, तर मी डब्याचे धरतो.