तीनशे शेअर्सचे नऊ

२००० सालच्या सुमारास मी न्यू जर्सीत राहत असताना टपालपेटीत दर थोड्या दिवसांनी एओएल (अमेरिका ऑनलाइन) या टेलिफोनवरून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची एक सीडी येऊन पडत असे. तिच्या वेष्टनावर १००० तास इंटरनेट मोफत असे ठळक अक्षरांत, आणि हे तास ४५ दिवसांत वापरावेत असे बारीक अक्षरांत छापलेले असे. म्हणजे रोज बावीस तासांहून अधिक वेळ टेलिफोनची लाइन अडवून बसायचे. आम्ही त्या सीड्या चहाच्या कपाखाली ठेवत असू. मे २००९ मध्ये टाइम वॉर्नर या बड्या माध्यम कंपनीने आपल्यात असलेल्या एओएलला वेगळे काढण्याचे जाहीर केले, तेव्हा मला आधी ते वेष्टन आठवले.

१० जानेवारी २००० रोजी जाहीर झालेल्या सौद्याला विलीनीकरण म्हटले गेले, तरी प्रत्यक्षात एओएलनेच टाइम वॉर्नर विकत घेतली होती, आणि तीही रोकड न मोजता, स्वतःचे फुगलेले शेअर्स पुढे करून. उत्पन्नाने कितीतरी लहान असलेल्या एओएलच्या भागधारकांकडे नव्या कंपनीचा ५५ टक्के हिस्सा गेला आणि नावातही पहिला मान तिलाच मिळाला. त्यामुळे २००९ मध्ये टाइम वॉर्नरचा उल्लेख ‘पालक कंपनी’ असा वाचताना मला गंमत वाटे. ज्याने घर विकत घेतले, त्यालाच जुन्या मालकाने नऊ वर्षांनी जागा खाली करायला सांगावी, असा तो प्रकार होता.

इंटरनेट कंपन्यांच्या शेअर्सचा, म्हणजे डॉट-कॉमचा, फुगा फुटला, २००२ सालचा तोटा ९८ अब्ज डॉलरच्या वर गेला आणि पुढच्याच वर्षी कंपनीच्या नावातून एओएल वगळले गेले, हे सर्वश्रुत आहे. मला मात्र केबलची गोष्ट अधिक बोलकी वाटते. एओएलचा धंदा टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या डायल-अपचा, तर टाइम वॉर्नरची केबल टीव्हीची तार लक्षावधी घरांत पोचलेली. ती तार एओएलच्या उपयोगी पडावी, हे या सौद्याचे एक मोठे आकर्षण होते. परंतु केबल विभागाची रोडरनर नावाची स्वतःची इंटरनेट सेवा होती, आणि नव्या भावंडासाठी ती मागे सारण्याची त्या विभागाला मुळीच हौस नव्हती. एका घरात दोन चुली पहिल्यापासूनच पेटत होत्या; वाटणीचे कागद तेवढे उशिरा झाले.

उशीर झाला तोही डायल-अपच्या वर्गणीमुळे, कारण ग्राहक गळत असले तरी त्यातून रोख पैसा येत होता. दरम्यान किंमत मात्र घसरत गेली. गूगलने २००५ च्या अखेरीस एओएलचा ५ टक्के हिस्सा १ अब्ज डॉलरला घेण्याचे ठरवले, म्हणजे सगळ्या कंपनीचे मोल २० अब्ज धरले. तोच हिस्सा टाइम वॉर्नरने जुलै २००९ मध्ये २८ कोटी ३० लाख डॉलरना परत घेतला.

डिसेंबर २००९ मध्ये वाटणी पुरी झाली आणि टाइम वॉर्नरच्या दर ११ शेअर्समागे एओएलचा एक शेअर देण्यात आला. त्याच वर्षी मार्चमध्ये टाइम वॉर्नरने तीन शेअर्सचा एक केला होता. त्यामुळे विलीनीकरणाच्या वेळी ज्याच्याकडे एओएलचे ३०० शेअर्स होते, त्याने ते न विकता जपून ठेवले असतील, तर टाइम वॉर्नरचे १०० शेअर्स त्याच्यापाशी राहिले आणि एओएलचे म्हणून हाती आले ते नऊ. वरच्या अपूर्णांकाचे पैसे रोख मिळाले.