मानशीचा राखणदार : नोंद तिसरी

मागच्या नोंदीत दाखवलेलं राखणदार प्राण्याचं डिजिटल चित्र मी बाजूला ठेवलं आहे. फाइल पुसली नाही, पण त्यावर आता हात फिरवणार नाही. तीन आठवडे खपून पाठीचा एकेक खवला चकचकीत केला आणि शेवटी जो प्राणी उभा राहिला तो जगातल्या कुठल्याही डोंगरावर शोभला असता. मला तर आमच्या खाजनातला राखणदार हवा होता.

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो. नदीकाठी भरतीच्या पातळीपेक्षा खोल असलेली, बांध घालून राखलेली शेतजमीन म्हणजे खाजन. त्या बांधातलं पाण्याचं दार म्हणजे मानस. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं तिच्या लाकडी फळ्या मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्या उघडून बाहेर पडतं. माणसानं हात लावावा लागत नाही.

पौष अमावास्येला जुवारी नदीकाठी दुर्भाट गावी गेलो होतो. तिथे आणि बोरीला त्या दिवशी माणगें थापणी असते : शेतकरी चिखलाची मगर थापून तिची पूजा करतात. नदीतली मगर ही बांधाची राखणदार, हा भाव. मी गेलो होतो आकार बघायला, पण नजर खिळली ती चिखलावर. ऊन चढलं तसा पाठीवरचा चिखल सुकून फिकट, राखाडी झाला, बारीक भेगा पडल्या. पोटाकडचा भाग मात्र ओला, काळपट, तुकतुकीत राहिला. एकाच अंगाला दोन कातडी! घरी येऊन त्याच रात्री नवा कॅनव्हास उघडला.

आता राखणदाराच्या अंगावर भरतीची रेघ आहे. रेघेच्या वर सुका चिखल, खाली ओला. रंगवताना फरक असा की पाणी मुरलं की पृष्ठभाग गडद होतो आणि रंग दाट दिसतो, म्हणून ओल्या भागाचा मूळ रंग मी दोन पायऱ्या खाली उतरवला. उलट हायलाइट, म्हणजे उजेडाची चमक, तिथेच सर्वांत तीव्र, कडा धारदार, आणि जागा अगदी थोडी. सुक्या भागात एकही तीव्र हायलाइट नाही. आधीच्या चित्रात मी सगळ्या अंगाला सारखी चमक दिली होती, म्हणून ते प्लास्टिकचं वाटत होतं. कातडी रंगवताना अडलेल्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं : ब्रश शोधण्याआधी, कुठे ओल आहे आणि कुठे नाही ते ठरवा.

रेघ आल्यावर बाकीचं आपोआप ठरत गेलं. कालवं भरतीचं पाणी पोचतं तिथवरच चिकटतात, म्हणून खवल्यांऐवजी कालवांची शिंपं आली, ती फक्त पायांवर आणि पोटाच्या कडेला. पाठीवर मगरीसारखे हाडांच्या खवल्यांचे कंगोरे ठेवले, पण शेपटीकडे जाताना त्यांचीच तिवराची श्वासमुळं होतात, चिखलातून बोटांसारखी वर आलेली. डोकं खाजनातल्या मगरीचं, रुंद मुस्कटाचं. खालच्या जबड्याचा चौथा दात सर्वांत ठसठशीत ठेवला, बाहुली उभ्या चिरेची. मकराची, म्हणजे देवळांच्या शिल्पांतल्या मगरीसारख्या काल्पनिक प्राण्याची, सोंड दोनदा काढली आणि दोनदा पुसली. सोंड आली की डोळा तिच्यामागे धावतो, जबडा मागे पडतो. आणि या चित्राचा जीव जबड्यात आहे.

कारण जबडा हीच मानस. अनेक देवळांत अभिषेकाचं पाणी मकरमुखातून बाहेर पडतं ना, त्यावरून सुचलं. वरचा जबडा जांभ्या दगडाच्या कमानीत मुरलेला, खालचा पाण्यात, मधून ओहोटीचं पाणी वाहतंय. मानशीवर रात्री कोळंबी पकडायला दिवा लावून जाळं धरतात. तो दिवा मी दाताला टांगला. चित्रातला उबदार प्रकाश तेवढा एकच, बाकी आभाळाचा निळसर उजेड. डोळ्यांत मागून परतणारी तांबूस चकाकी रात्री मगरीच्या डोळ्यांत खरोखर दिसते, ती दिव्याच्या बाजूच्या डोळ्यात घातली आणि मला स्वतःला ते चित्र बघताना थांबावंसं वाटलं. पहिल्यांदाच.

तांत्रिक बाजू थोडक्यात. क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरतो, कॅनव्हास ४००० बाय ५००० पिक्सेल. रंगांच्या बारकाव्यासाठी १६ बिटवर सुरुवात केली, पण माझ्या ८ जीबी रॅमला मोठा ब्रश झेपेना, म्हणून ८ बिटवर आलो. आधी सगळं करड्या छटांत, मग रंग. सर्वांत वर काळ्या रंगाचा एक लेअर ‘कलर’ मोडवर ठेवला आहे, तो चालू केला की रंग जाऊन व्हॅल्यू, म्हणजे फिकट-गडदपणाच्या पायऱ्या, उघड्या पडतात. चित्र आरशातल्यासारखं उलटं करून बघायला ‘एम’ दाबतो. त्यामुळेच परवा कळलं की डावा खांदा कमानीतून निखळल्यासारखा दिसतोय. तो अख्खा पुन्हा काढला, दोन संध्याकाळी गेल्या.

अडलंय ते पाणी. जबड्यातून पडणारं पाणी चार वेळा रंगवलं आणि चारही वेळा ते धबधब्याचं झालं : पांढरं, उडणारं. मानशीचं पाणी तसं नसतं. ते गढूळ आणि जड असतं, फळीच्या काठावरून गुळगुळीत वाकतं आणि खाली गेल्यावरच फेसाळतं. फोटो पुष्कळ जमवले, पण फोटोत ते गोठलेलं असतं, वाकणं कळत नाही.

परवा पौर्णिमा, उधाणाचं पाणी. ओहोटी लागायच्या वेळी वही-पेन्सिल घेऊन बांधावर बसणार आहे, टॅब्लेट घरीच ठेवून.