कानाझावाला जपानी शिकायला जाताय? आमच्या ग्रुपचा अनुभव

आमचा जपानी शिकणाऱ्यांचा ग्रुप, बहुतेक सगळे रत्नागिरी-चिपळूणचे, जूनच्या सुरुवातीला जपानमधल्या कानाझावा शहरात जाऊन आला. सकाळी क्लास, दुपारनंतर मोकळीक. पुढच्या बॅचची पोरं सारखी विचारतायत म्हणून सविस्तर लिहितेय. तोक्योहून २०१५ पासून थेट शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) आहे, अडीच-तीन तास लागतात.

राहायला होमस्टेच घ्या, आणि जमलं तर एका घरी एकच जण मागा. ग्रुपमधल्या दोघी एकत्र राहिल्या की रात्री मराठीच सुरू होतं, मग एवढ्या लांब जाऊन उपयोग काय. माझ्या घरच्या आजी मला ओमिचो बाजारात घेऊन जायच्या, जवळजवळ तीनशे वर्षांचा बाजार आणि मासळीच मासळी, आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला तिथे आपोआप वाचा फुटते. हा कुठला, ताजा आहे का, कसा करायचा, एवढं विचारलं तरी विकणारे मनापासून बोलतात. आजींनी बांगड्यासारखा साबा नुसतं मीठ लावून भाजला, सोबत मुळ्याचा कीस. वरची बाजू खाऊन झाली की मासा उलटायचा नाही, चॉपस्टिकने मधला काटा अख्खा अलगद उचलून ताटलीच्या कडेला ठेवायचा आणि मग खालचं खायचं, हे त्यांनी माझ्या शेजारी बसून हळूहळू करून दाखवलं.

तारखा तुमच्या हातात असतील तर जूनच्या पहिल्या शनिवारच्या आसपास पोचा, तेव्हा ह्याकुमानगोकु उत्सव असतो. १५८३ मध्ये माएदा तोशिइए हा सरदार कानाझावाच्या किल्ल्यात आला त्याची मोठी मिरवणूक निघते. मला मात्र शुक्रवारची संध्याकाळ जास्त भावली, शाळेतली पोरं कंदील घेऊन, ढोल वाजवत निघतात, आसानो नदीत दिवे सोडतात आणि शिमग्यात पालखी वाडीत आल्यावर जमतात तशी सगळी माणसं बाहेर येतात.

आता कामाचं. ताजे आंबे अजिबात नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात, त्यापेक्षा पॅकबंद आंबापोळी न्या आणि कोकम सरबताची बाटली चेक-इन बॅगेत टाका, आजींना ते फार आवडलं. टबात उतरायच्या आधी बाहेरच साबण लावून स्वच्छ अंघोळ करायची, टबातलं पाणी सगळ्या घराचं असतं, ते सोडून द्यायचं नाही. टॉयलेटच्या चपला वेगळ्या, त्या तिथेच ठेवायच्या. शाकाहारी मंडळींनी होमस्टेचा फॉर्म भरतानाच नीट लिहा, नुसतं मासे खात नाही म्हणून भागत नाही कारण मिसो सूपमध्येसुद्धा बहुतेक वेळा माशाचा दाशी, म्हणजे मासा उकळून काढलेलं पाणी, असतो. आणि छत्री हवीच, डबा विसरलात तरी चालेल पण छत्री विसरू नका असं तिथले लोकच म्हणतात.

जुलैच्या जेएलपीटीला, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेला, बसणार असाल तर जूनची ट्रिप फार उपयोगी पडते, ऐकण्याच्या पेपरला कान तयार झालेला असतो. परीक्षेचा फॉर्म मात्र निघायच्या बराच आधी भरून ठेवा.